जिन्याखालची खोली आणि तिचा तंबू

वॉर्डात एक वयस्कर डॉक्टरीणबाई मांडीचं हाड मोडून दीड महिना पडून होत्या. डिस्चार्ज मिळाला त्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. पेढ्यांचा पुडा असेल असं वाटलं. त्यांनी ओल्या कापसात गुंडाळलेलं एक पान माझ्या हातावर ठेवलं. जाड, लवदार, खालच्या अंगाला तांबूस.

"आफ्रिकन व्हायोलेट. माझ्या घरून मागवलं तुमच्यासाठी. देठ तिरका कापा, ओल्या वाळूत खोचा. पानावर पाणी पडू देऊ नका, सिस्टर. आणि स्वच्छता ठेवा. ते काही तुम्हाला सांगायला नको."

नव्वदच्या दशकातली ती मधली वर्षं. मी सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स होते, नवरा एसटीत कंडक्टर. कोल्हापुरात राजारामपुरीच्या मागच्या अंगाला खाली दोन खोल्या आणि वर एक असं आमचं घर होतं. मी प्लॅस्टिकची सलाइनची बाटली मधोमध कापली, खालच्या अर्ध्यात वाळू भरून पान खोचलं आणि वरचा अर्धा भाग टोपीसारखा पालथा घातला. दोन महिन्यांनी देठाच्या बुडाशी उंदराच्या कानाएवढी चार पानं आली. पुढच्या वर्षी फूल आलं. जांभळं, मधोमध पिवळे दोन ठिपके. ड्यूटीवरून आले की पदर खोचायच्या आधी मी खिडकीत जायची.

पानापासून झाड, झाडापासून पुन्हा पानं असं करत खिडकी भरली. फुलं मात्र मोजकीच यायची. उन्हात पानं करपायची, सावलीत झाड नुसतं उंच व्हायचं. मग रद्दीतल्या एका बागकामाच्या मासिकात वाचलं की परदेशात लोक ही झाडं बंद खोलीत वाढवतात, ट्यूबलाइटखाली. ऊन नको, वारा नको, खिडकीसुद्धा नको.

बिनखिडकीची खोली आमच्याकडे होती. जिन्याखाली, जेमतेम पाच बाय सात, एका बाजूला छत उतरतं. त्यात घमेलं, जुनी सायकल आणि सासऱ्यांची पत्र्याची ट्रंक पडलेली. मी नवऱ्याला मासिक दाखवलं.

"झाडास्नी ट्यूबलाइट?" तो म्हणाला. "माणसास्नी पुरंना झालीय वीज."

पण पुढच्या सुट्टीच्या दिवशी त्यानंच सायकल बाहेर काढली.

ती खोली करायला आम्हाला अख्खा उन्हाळा लागला. त्याची आठवड्याची सुट्टी आणि माझी नाइटनंतरची सुट्टी जुळली की काम. लक्ष्मीपुरीतनं जुने लोखंडी अँगल आणून त्यानं तीन फळ्यांचं रॅक ठोकलं. ओळखीच्या वाण्याकडून चहाच्या पेट्यांतला चंदेरी कागद आणला. मी तो इस्त्रीनं सरळ केला आणि आम्ही भिंतींना खळीनं चिकटवला. प्रत्येक फळीवर दोन ट्यूब. पहिल्यांदा सगळ्या एकदम लावल्या तेव्हा घराचा फ्यूज उडाला आणि आम्ही दोघं त्या खबदाडात घामाघूम होऊन हसत बसलो. दाराला भोक पाडून जुन्या कूलरचा पंखा बसवला. पावसाळा लागला आणि जिन्याकडची भिंत पाझरायला लागली. कागद सुटला, मागं बुरशी आली. मग आम्ही भिंतीला डांबर फासलं, त्यावर प्लॅस्टिक, त्यावर पुन्हा कागद. दिवाळीच्या सुमारास एकदाचं जमलं.

त्या खोलीच्या खोडी मला तोंडपाठ होत्या. ट्यूबचे चोक तापायचे, त्यामुळं वरच्या फळीचं बूड कोमट राहायचं आणि तिथली झाडं आधी फुलायची. कोपऱ्यातल्यांना उजेड कमी पडायचा म्हणून दर तिसऱ्या दिवशी सगळ्या कुंड्यांच्या जागा बदलायच्या. उतरत्या छताखाली मी इतक्या वेळा डोकं आपटून घेतलंय की अजूनही कुठं जिना दिसला तर मान आपोआप खाली जाते. आत जाताना हात धुवायची. ब्लेड स्पिरिटनं पुसल्याशिवाय पानाला लावायची नाही. नवीन झाड आलं तर तीन आठवडे वेगळं, वरच्या खोलीत. वॉर्डात जे करायची तेच.

दर हिवाळ्यात शहरात फुलांचं प्रदर्शन भरायचं. बंगलेवाल्या बायका गाडीतून यायच्या, मागून त्यांचे माळी गुलाबाच्या कुंड्या घेऊन. मी नवऱ्याच्या लुनावर मागं बसून, मांडीवर खोकं धरून गेले. घरातल्या फुलझाडांच्या गटात मला पहिला नंबर मिळाला. शाळेत मला कधी बक्षीस नव्हतं. नोकरीत तर काम चोख केलं की कुणी बोलत नाही, चुकलं की बोलतात. ते पितळी पेल्यासारखं काहीतरी हातात आलं आणि माझी कानशिलं तापली. पुढची चार वर्षं पहिला नंबर माझाच. प्रदर्शनातल्या बायका मला नावानं ओळखत नव्हत्या, 'व्हायोलेटवाल्या सिस्टर' म्हणायच्या. मला ते नावापेक्षा आवडायचं.

दोन हजार एकच्या सुमारास शेजारच्या घरात नवीन कुटुंब आलं. नवऱ्याचे कबनूरला यंत्रमाग, मुलांच्या शाळेसाठी कोल्हापुरात घर घेतलेलं. ती माझ्यापेक्षा आठेक वर्षांनी लहान, गडहिंग्लजच्या पलीकडची, थेट सीमेजवळची. पहिल्याच दिवशी दही मागायला आली आणि 'सिस्टर' न म्हणता 'अक्का' म्हणाली. तिच्याकडं थोरल्या बहिणीला तसंच म्हणतात. मला सख्खी बहीण नाही. दही देताना मी वाटी जरा मोठीच घेतली.

जिन्याखालच्या दाराच्या फटीतून उजेड येत होता.

"हे काय गं अक्का?"

मी दार उघडलं. वरच्या फळीवर सगळी फुललेली होती.

"अगं बाई!" ती मोठ्यानं ओरडली. तिचं सगळंच मोठ्यानं असायचं. "बाहेर काय न्हाय आणि आत दिवाळीच की!"

मी तिला शिकवलं. देठ किती तिरका कापायचा, कुंडीच्या भोकातून सुतळी घालून झाडाला खालून पाणी कसं चढू द्यायचं, शेणखत किती चाळायचं. पहिली सहा पानं तिनं पाणी घालघालून कुजवली. सातवं जगलं. तिच्या घरात नीट जागा नव्हती, म्हणून माझी खालची फळी मी तिला दिली. रोज दुपारी ती यायची. "अक्का, मी आलो गं," असं म्हणत वाकून आत शिरायची. आमच्याकडच्या बायका आलो-गेलोच म्हणतात. मग आम्ही दोघी त्या चंदेरी खोलीत उकिडव्या बसून पानांवरची धूळ मऊ ब्रशनं झाडायचो. ती वर्षं चांगली होती. हे सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं सगळं सोपं होईल.

तिचा नवरा इतर मागवाल्यांबरोबर परदेशात यंत्रांचं प्रदर्शन बघायला गेला. येताना लोक चॉकलेट आणतात, सेंट आणतात. त्यानं विमानातून एक लांबडी काळी पिशवी आणली. ती मला हात धरून घेऊन गेली.

"चल, तुला गंमत दाखवतो."

पिशवीत नळ्या होत्या आणि घडी केलेलं कापड. नवरा-बायकोनं नळ्या एकात एक अडकवल्या, वरून कापड ओढलं आणि चेन लावली. वीस मिनिटं. मी खुर्चीवर बसून घड्याळ बघितलं होतं म्हणून सांगते. माणूसभर उंचीचा काळा तंबू त्यांच्या मागच्या खोलीत उभा राहिला. तिनं चेन उघडली. आतून तो आरशासारखा चकचकीत होता, कुठं सुरकुती नाही, कुठं खळीचा डाग नाही. पंख्यासाठी गोल बाही शिवलेली, वायर आत घ्यायला दुसरी बाही, खाली पाणी सांडलं तर धरायला वेगळा तळ. वरच्या दांड्याला दिवे टांगायचे आणि दोरीनं खालीवर करायचे.

"तिकडं हॉटेलाच्या खालीच दुकान होतं," तिचा नवरा सांगत होता. "झाडं वाढवायचाच तंबू हाय म्हणाला. म्हटलं, आमच्या हिला लागतोय."

आमच्या हिला लागतोय. मी चहा घेतला. चांगला आहे म्हटलं. घरी आले आणि जिन्याखालच्या खोलीत गेले. कागदाचे जोड मला पहिल्यांदा दिसले. एके ठिकाणी चहाच्या कंपनीचा शिक्का उलटा आला होता. इतकी वर्षं मी त्याच्याकडे बघून हसायची.

नवरा जेवायला बसला होता, तेव्हा मी म्हणाले, "लोकांचे नवरे बायकोसाठी काय काय आणतात, बघून या जरा."

तो भाकरी मोडत राहिला. पुढच्या सुट्टीला सकाळीच त्यानं जिन्याखालच्या भिंतीचा सुटलेला कागद काढून नवा चिकटवला. मला सांगितलंही नाही. मी ते बघितलं आणि मला त्याचा आणखीनच राग आला.

गल्लीतली माणसं तंबू बघायला यायला लागली. तिच्या नणंदा आल्या, जयसिंगपूरचे पाहुणे आले. माझी खोली सात-आठ वर्षं तिथं होती, ती बघायला कोण आलं होतं? आता ते तिच्याकडून निघताना माझ्या दारात थांबायचे आणि म्हणायचे, "तुमच्याकडं बी हाय म्हणं तसलं, हातानं केलेलं." हातानं केलेलं. गोधडीबद्दल बोलावं तसं.

तिनं माझ्या खालच्या फळीवरची तिची झाडं नेली. तंबूत ती चार महिन्यांत अशी वाढली की मला झोंबलं. चारी बाजूंनी सारखा उजेड, म्हणून पानं ताटासारखी गोल पसरायची, एक इकडं एक तिकडं असं नाही. कुंड्यांच्या जागा बदलायला नकोत. भिंत पाझरायची भीती नाही. त्याच वर्षांत लोडशेडिंग वाढलं. माझे दिवे चार-चार तास बंद असायचे. तिच्याकडं इन्व्हर्टर होता.

"अक्का, भिंतीवरनं वायर टाकूया की," ती म्हणाली. "तुझे दोन दिवे तरी चालतील."

"नको. माझ्या झाडांना सवय आहे."

"मग तू पण एक तंबू घे. हे सांगतील कुणाला तरी आणायला. त्या खोलीत वाकून वाकून कंबर गेली तुझी."

तिच्या मनात काही नव्हतं. हे मला तेव्हाही कळत होतं. माणसाच्या मनात वाईट असलं तर बरं असतं, आपल्यालाही बळ येतं. तिचं चांगलं वागणं मला टोचायचं. झाडांचं सगळं मी शिकवलेलं होतं, पानं माझ्या झाडांची होती, आणि तिच्या घरून निघताना मी मनातल्या मनात तिच्या फुलांचे गुच्छ मोजायची आणि घरी येऊन माझे मोजायची.

प्रदर्शनाला अडीच महिने होते. तिनं सांगितलं, यंदा मी पण झाड ठेवणार.

"ठेव की," मी म्हणाले.

त्याच आठवड्यात मला खालच्या फळीवर पिठ्या ढेकूण दिसला. पांढऱ्या कापसासारखी कीड असते ती, पानांच्या बेचक्यात बसते. एकाच झाडाला होती. गुलाबी दुहेरी पाकळीचं, कडेला पांढरी झालर असलेलं झाड. माझ्याकडं त्याचं एकच होतं आणि तिला ते फार आवडायचं. मी ते उचलून वरच्या खोलीत नेलं. आजूबाजूच्या कुंड्या भिंगानं तपासल्या, त्यांना काही नव्हतं. झाड जाळून टाकायचं ठरवलं. जीव तुटत होता, पण लागण झालेलं ठेवायचं नसतं.

दुपारी ती आली. वर कपडे वाळत होते, ते काढायला मला मदत करायला आली आणि तिला ते झाड दिसलं.

"हे इथं एकटंच का गं?"

"असंच. खाली गर्दी झाली."

"अक्का, हे मला दे की. तंबूत मधोमध ठेवतो. बघ कसलं होतंय ते."

मी हो म्हणाले नाही. नाही पण म्हणाले नाही. "थांब, जरा पुसून देते," म्हणाले. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि बेचक्यातलं पांढरं पुसून काढलं. एक एक पान उचलून, नीट, हलक्या हातानं. बारा-चौदा वर्षं जखमा पुसलेला हात होता तो. स्पिरिटनं वरचे मरतात. मुळाशी असतात ते राहतात. हे मला माहीत होतं. झाड स्वच्छ दिसायला लागलं. मी ते तिच्या हातात दिलं.

"किती करतीस गं माझ्यासाठी," ती म्हणाली.

तीन आठवड्यांनी ती एक वेगळंच झाड घेऊन आली. चेहरा उतरलेला.

"हे पांढरं काय आलंय बघ."

मी बघितलं. "पाणी जास्त होत असेल," मी म्हणाले.

तिनं पाणी कमी केलं. बंद तंबू, कोमट हवा, झाडाला झाड टेकलेलं. कीड मधल्या झाडापासून चारी बाजूंना पसरली. माझ्या खोलीत निदान फटी होत्या, वारा होता, फळ्या वेगळ्या होत्या. इतकी घट्ट चेन मला कुठून असती. महिन्याभरात तिची एकूण एक झाडं चिकट झाली, पानं मुडपली. नर्सरीवाल्यानं दिलेलं औषध तिनं मारलं, त्यानं उरलीसुरली पानं जळली. एका सकाळी मी ड्यूटीला निघाले होते. ती गच्चीवर जुन्या पत्र्यात झाडं जाळत होती. मला बघून तिनं हात केला. मीही केला.

प्रदर्शनात मला पहिला नंबर मिळाला. खोटं सांगणार नाही, मला आनंद झाला. नाव पुकारलं तेव्हा तसाच झाला, कानशिलं तापली. ती बघायला आली होती, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं टाळ्या वाजवत होती. तिचा नवरा माझ्या नवऱ्याला म्हणाला, "तंबू काय आणि खोली काय, शेवटी हात लागतोय. सिस्टरांच्या हातात गुण हाय." माझा नवरा हसला. त्याला फार बरं वाटलं, लुनावर घरी येईपर्यंत तो बोलत होता. मी मागं बसून ऐकत होते. घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही.

मी कुणाला काही सांगितलं नसतं. चाललं असतं तसंच. पण पंधराएक दिवसांनी ती आली, खांद्यावर ती लांबडी काळी पिशवी घेऊन. दारातून आत शिरताना पिशवी चौकटीला अडकली, ती हसली, तिरकी होऊन आत आली.

"हे तू ठेव, अक्का. माझ्यात हात न्हाय. झाडं तुझ्याकडंच शोभत्यात."

"मला नको."

"का? घे की. तिथं माळ्यावर पडून कुजंल. ह्यांनीच सांगितलं, अक्कास्नी दे म्हणून."

वर्षभर मी त्या पिशवीचा हेवा केला होता. ती माझ्या फरशीवर ठेवलेली होती, फुकट, आणि ती बाई माझ्या स्वयंपाकघरात जाऊन स्वतःच पाणी घेऊन पीत होती.

"ते गुलाबी झाड दिलं ना तुला," मी म्हणाले, "त्यात कीड होती."

"असंल. तुला तरी काय म्हाईत."

"माहीत होतं."

तिला वाटलं मी चेष्टा करतेय. तांब्या हातात घेऊन ती थांबली.

"म्हंजे?"

"मी बघितली होती. जाळणार होते ते झाड. तू मागितलंस, तर वरची कीड पुसून दिलं तुला. आणि नंतर पाण्याचं सांगितलं तेही खोटं."

गल्लीत भाजीवाला ओरडत होता. तो पुढं गेल्यावर तिनं विचारलं,

"तवा पुसत हुतीस ते... ती कीड पुसत हुतीस?"

"हो."

"मी म्हटलं, किती करतीस माझ्यासाठी." तिचा आवाज कधी नव्हे तो लहान झाला होता. "द्यायचं न्हवतं तर न्हाय म्हणायचं की गं. मी काय भांडलो असतो व्हय तुझ्याशी?"

तिनं तांब्या जागेवर ठेवला. पिशवी उचलली. ती पुन्हा चौकटीला अडकली आणि मी सवयीनं पुढं झाले.

"राहू दे, सिस्टर," ती म्हणाली.

त्या दिवशी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो तिकिटांची पेटी पुसत होता. पेटी खाली ठेवली. मग म्हणाला, "वॉर्डात असं केलं असतंस?"

"नाही."

"मग?"

एवढंच. तो पुन्हा कधी त्यावर बोलला नाही, पण जिन्याखालच्या खोलीतलं काही बिघडलं की आधी स्वतःहून दुरुस्त करायचा, ते बंद झालं. सांगावं लागायला लागलं.

तिच्याशी बोलणं तुटलं असं नाही. हळदीकुंकवाला बोलावणं यायचं, मी जायची, ती कुंकू लावायची. तिनं ही गोष्ट बाहेर कुणालाही सांगितली नाही. गल्लीत एकानंही मला कधी वेगळ्या नजरेनं बघितलं नाही. सांगितली असती तर बरं झालं असतं असं मला अनेकदा वाटलं. निदान मला तिच्यावर रागावता आलं असतं. पावसाळ्यात एकदा कळलं की तिच्या सासूनं तंबूत कुरडया वाळवल्या. मला हसू आलं, आणि सोबत हसायला आता कोणी नाही हेही लक्षात आलं.

दोन वर्षांनी तिच्याकडं पुण्याहून खोकी यायला लागली. वर बाण काढलेले, 'नाजूक माल' लिहिलेलं. मला कळलं, तिनं पुन्हा झाडं मागवलीत. भिंतीपलीकडून पंख्याचा बारीक आवाज सकाळपासून यायचा. मी काही विचारलं नाही. तिनं काही दाखवलं नाही.

त्या हिवाळ्यात प्रदर्शनात तिचं झाड होतं. गडद निळी दुहेरी फुलं, पाकळीच्या कडेला पेन्सिलनं काढावी तशी पांढरी रेघ. खाली पानांचं गोल ताट, एकही पान दुसऱ्यावर चढलेलं नाही. पहिला नंबर. माझा दुसरा. मी त्या झाडासमोर उभी राहून दहा मिनिटं खोट शोधत होते. मला वाटलं होतं, कबुली दिली, दोन वर्षं मान खाली घालून काढली, आता तरी हे पोटात दुखणं गेलं असेल. गेलं नव्हतं. जसंच्या तसं होतं. केलेल्याचं वाईट वाटणं एका खोलीत आणि हेवा दुसऱ्या खोलीत, दोघांची गाठही पडत नव्हती.

ती शेजारी येऊन उभी राहिली. हातात पेला होता. केसांत थोडे पांढरे आले होते.

"चांगलं झालंय," मी म्हणाले. आणि मग तोंडातून निघून गेलं, "किती तास दिवे ठेवतेस?"

इतक्या वर्षांत मी तिला झाडांबद्दल काही विचारायची ती पहिलीच वेळ. तिनं माझ्याकडं बघितलं. सांगू का नको, हे तिच्या तोंडावर मला स्पष्ट दिसलं. तिनं न सांगणं मला पटलं असतं.

"धा," ती म्हणाली. "बारा लई होत्यात, सिस्टर. पानं कडक पडत्यात. धा बास."

मग तिला कुणीतरी फोटोसाठी हाक मारली आणि ती गेली.

मी बारा तास देत होते, पहिल्या दिवसापासून. घरी आल्यावर दुसऱ्या दिवसापासून दोन तास कमी केले. सहा-सात आठवड्यांत मधली नवी पानं मऊ आली, आधीपेक्षा रुंद. तिचं बरोबर होतं. भिंतीपलीकडं जाऊन तिला हे सांगावं असं मी पुष्कळदा ठरवलं. एकदा तर चप्पल घालून दारापर्यंत गेलेही. अजून सांगितलेलं नाही.